आधी चालवणारा की आधी धावणारा?



सप्टेंबर २०२४. बिकानेर आणि सुरतगडच्या मधे महाजनच्या फायरिंग रेंजवर भारत आणि अमेरिकेचा 'युद्ध अभ्यास' चालू होता. माझ्याकडे समन्वयाचं काम होतं. समन्वय म्हणजे काय, हे माजी सैनिकांना सांगायला नको. कुणाचं पाणी पोहोचलं नाही, कुणाची गाडी वाळूत रुतली, कुणाला रात्री जनरेटरच्या आवाजानं झोप लागत नाही, हे सगळं आपल्याच गळ्यात.

अमेरिकन तुकडीत फिलाडेल्फियाचा एक सार्जंट होता. दिवसभर वाळू खायचा आणि संध्याकाळी आमच्या लंगरचा चहा प्यायचा. १७ तारखेला सकाळी तो चहाला आला तो तोंड पाडून. मला वाटलं घरून काही वाईट बातमी आली. बातमी घरचीच होती, पण फुटबॉलची. त्याचा संघ फिलाडेल्फिया ईगल्स अटलांटाकडून २२-२१ असा हरला होता. शेवटी संघाचा नवा, महागडा धावपटू सेक्वॉन बार्कली याच्या हातातून एक सोपा चेंडू सुटला होता. तो झेलला असता तर सामना तिथेच संपला असता. त्याच बार्कलीनं दहा दिवसांपूर्वी ब्राझीलमध्ये पहिल्याच सामन्यात तीन टचडाउन केले होते, हेही सार्जंटनं त्याच दमात सांगितलं.

मग त्यानं मला विचारलं, "सर, समजा तुमचा संघ तळाला आहे. नवे खेळाडू निवडायची पहिली पाळी तुमची. समोर दोन उत्तम पोरं उभी आहेत. एक क्वार्टरबॅक, एक रनिंग बॅक. कुणाला घ्याल?"

मी क्षणभरही विचार न करता म्हटलं, "धावणाऱ्याला."

तो हसला. "१९९९ मध्ये सगळं फिलाडेल्फिया हेच म्हणत होतं."

त्या हसण्यामुळे मी पुढचे काही महिने या खेळाचा इतिहास वाचत बसलो. आज तो तुमच्यासमोर ठेवतो. शेवटी माझा स्वतःचा एक हिशोबही आहे. तो चुकता करायचा म्हणूनच हा लेख.

आधी खेळ थोडक्यात. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याला. प्रत्येक प्रयत्नात चेंडू सर्वात आधी क्वार्टरबॅककडे येतो. तो समोरची मांडणी वाचतो आणि दोन-तीन सेकंदांत ठरवतो, लांब फेकायचा की धावणाऱ्याच्या हातात द्यायचा. धावणारा म्हणजे रनिंग बॅक. तो चेंडू पोटाशी धरून माणसांच्या भिंतीत घुसतो. या दोघांच्या पुढे पाच धिप्पाड गडी असतात, ती पुढची फळी. यांच्या हाताला चेंडू सहसा लागत नाही, टाळ्याही मिळत नाहीत. काम एकच, समोरचा धक्का छातीवर घ्यायचा.

कबड्डी पाहणाऱ्या माणसाचे डोळे चढाई करणाऱ्याकडेच जातात. मी धावणारा मागितला तो त्याच सवयीनं.

आता निवडीची पद्धत. तिला ते 'ड्राफ्ट' म्हणतात, आणि तिचा जन्मही फिलाडेल्फियाचाच. १९३५ मध्ये ईगल्सचा मालक बर्ट बेल वैतागला होता. ज्यांच्याकडे पैसा आणि नाव ते संघ चांगली पोरं आधीच पळवायचे आणि दरवर्षी तेच जिंकायचे. बेलनं इतर मालकांपुढे प्रस्ताव ठेवला की कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची यादी करा आणि जो संघ सर्वात शेवटी आला त्याला निवडीची पहिली पाळी द्या. बलाढ्य संघांनीही ते मान्य केलं. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. नऊ संघ, नऊ फेऱ्या, ८१ खेळाडू.

तळाला होता बेलचाच संघ, म्हणून पहिली पाळी त्याची. त्यानं उचलला शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. धावणाराच. ईगल्सनी त्याचे हक्क शिकागो बेअर्सना दिले, पण तिथेही सौदा जमला नाही. बर्वँगर व्यावसायिक सामना एकही खेळला नाही. म्हणजे या पद्धतीतली पहिली निवडच फुकट गेली.

पण त्या काळात धावणारा मागणं चुकीचं नव्हतं. खेळ जमिनीवरचा होता. ईगल्सनीच १९४४ मध्ये पाचव्या क्रमांकावर स्टीव्ह व्हॅन ब्यूरेन घेतला. १९४८ च्या अंतिम सामन्याच्या दिवशी फिलाडेल्फियात इतका बर्फ पडला की सामना होणार नाही असं समजून हा गडी घरीच थांबला. मग ट्रॅम पकडत पकडत मैदानावर पोहोचला आणि सामन्यातला एकमेव टचडाउन त्यानंच केला. ७-०. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या चिखलात तो १९६ यार्ड धावला आणि ईगल्स पुन्हा विजेते. १९५२ मध्ये सरावात गुडघा गेला आणि कारकीर्द संपली. वय एकतीस. हा गुडघा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

फासा पलटला तो १९७८ मध्ये. त्या वर्षी नियम बदलले. चेंडू झेलायला धावणाऱ्या खेळाडूला पहिल्या पाच यार्डांनंतर अडवायचं नाही, असं ठरलं. पुढच्या फळीला उघड्या हातांनी, बाहू ताठ करून समोरच्याला रोखायची मोकळीक मिळाली. फेकीचा खेळ एकदम स्वस्त आणि सुरक्षित झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर पायदळाच्या लढाईत तोफखान्याचा पल्ला अचानक वाढला.

नेमक्या त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या संघानं मोठा व्यवहार केला. आपल्या निवडीच्या पाच पाळ्या देऊन ओ. जे. सिम्प्सन विकत आणला. पुढे एका खुनाच्या खटल्यामुळे जगाला माहीत झाला तोच. एके काळचा तो सर्वोत्तम धावणारा होता, पण आला तेव्हा तिशी ओलांडलेली आणि गुडघा दुखावलेला. १९७८ च्या हंगामात संघानं सोळा सामन्यांत दोन जिंकले. तळाला आल्यामुळे १९७९ ची पहिली पाळी त्यांना मिळायला हवी होती, पण ती सिम्प्सनच्या बदल्यात आधीच देऊन टाकलेली. त्या वर्षी नवे प्रशिक्षक बिल वॉल्श आले. त्यांनी तिसऱ्या फेरीत, एकूण ८२ व्या क्रमांकावर, एक सडपातळ क्वार्टरबॅक घेतला. जो मोंटाना. १९७९ मध्येही संघ दोनच सामने जिंकला आणि सिम्प्सन निवृत्त झाला. पण जानेवारी १९८२ मध्ये मोंटानाच्या हाताखाली हाच संघ सुपर बोल जिंकला.

दुसरं उदाहरण सार्जंटनं दात-ओठ खात सांगितलं, कारण ते डॅलसचं होतं आणि फिलाडेल्फियाच्या माणसाला डॅलसचं कौतुक करायला लागणं म्हणजे शिक्षाच. १९८९ मध्ये डॅलस काउबॉइज तळाला होते. पहिल्या पाळीत त्यांनी क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन घेतला. संघात नावाजलेला एकच खेळाडू होता, धावणारा हर्शेल वॉकर. नव्या प्रशिक्षकानं, जिमी जॉन्सननं, हंगामाच्या मधेच त्याला मिनेसोटाला देऊन टाकलं आणि बदल्यात खेळाडू आणि निवडीच्या पाळ्यांचा ढीग घेतला. लोकांनी वेड्यात काढलं. त्या हंगामात डॅलस १ जिंकले, १५ हरले. पुढच्या वर्षी वॉकरच्या व्यवहारातून मिळालेली पाळी वापरून त्यांनी १७ व्या क्रमांकावर एमिट स्मिथ घेतला, धावणारा. स्मिथ पुढे १८,३५५ यार्ड धावला. इतका आजवर कुणी धावलेला नाही. १९९२ ते १९९५ या चार हंगामांत डॅलसनं तीन सुपर बोल जिंकले.

इथे क्रम पाहा. आधी चालवणारा, मग भोवतालची माणसं, मग धावणारा. धावणारा नको असं डॅलस कधीच म्हणालं नाही. तो कधी हवा, एवढंच त्यांनी ठरवलं.

आता १९९९, ज्यावरून सार्जंट हसला होता. १९९८ च्या हंगामात ईगल्स ३ जिंकले, १३ हरले. निवडीत दुसरी पाळी. शहराला हवा होता टेक्सास विद्यापीठाचा धावणारा रिकी विल्यम्स. महापौरसुद्धा त्याच बाजूचे. एका रेडिओ केंद्राच्या पुढाकारानं तीसेक चाहते बस करून न्यूयॉर्कला निवडीच्या ठिकाणी गेले. नवे प्रशिक्षक अँडी रीड यांनी नाव दिलं क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅबचं. पोरगा आयुष्यातल्या सर्वात मोठ्या दिवशी टोपी घालून व्यासपीठावर आला आणि स्वतःच्याच शहराच्या लोकांनी त्याची हुर्यो उडवली.

विल्यम्सला उचललं न्यू ऑर्लिन्सनं. प्रशिक्षक माइक डिटका यांनी त्याच्यासाठी त्या वर्षीच्या हातातल्या सगळ्या पाळ्या आणि वर पुढच्या वर्षीच्या पहिल्या आणि तिसऱ्या फेरीच्या पाळ्या दिल्या. एका माणसासाठी अख्खी भरती. हंगाम संपला तेव्हा न्यू ऑर्लिन्स ३-१३, आणि डिटकांची नोकरी गेली. विल्यम्स वाईट खेळाडू नव्हता. २००२ मध्ये मायामीकडून तो १,८५३ यार्ड धावला, त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक. पण न्यू ऑर्लिन्समध्ये त्याच्या भोवती उभं राहायला माणसंच उरली नव्हती. इकडे मॅकनॅबनं ईगल्सना पाच वेळा सुपर बोलच्या उंबरठ्यावर नेलं आणि एकदा आत. तो सामना ते २४-२१ असे हरले.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग प्रश्न मिटला, क्वार्टरबॅक घ्या. थांबा. त्याच १९९९ मध्ये पहिल्या बारा निवडींत पाच क्वार्टरबॅक होते. कूच, मॅकनॅब, अकिली स्मिथ, कलपेपर, मॅकनाउन. यातले मॅकनॅब आणि कलपेपर टिकले, बाकी तिघे काही वर्षांत विस्मरणात गेले. टिम कूच तर पहिल्या क्रमांकाचा, नुकत्याच नव्यानं उभ्या राहिलेल्या क्लीव्हलंडच्या संघात. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या नव्या कोऱ्या संघानं पहिल्या क्रमांकावर डेव्हिड कार घेतला आणि त्याच्यापुढे फळीच उभी केली नाही. पहिल्या हंगामात त्याला चेंडू फेकण्याआधीच ७६ वेळा आडवं पाडलं गेलं. तो विक्रम आजही आहे. डोकं कितीही चांगलं असो, त्याला विचार करायला तीन सेकंद मिळवून देणारं कुणीतरी हवं.

पण दोन चुकांत फरक आहे. क्वार्टरबॅक पस्तिशीपर्यंत सहज खेळतो, म्हणजे फळी उभारायला संघाला वेळ मिळतो. धावणाऱ्याची उमेदीची वर्षं थोडी असतात, कारण प्रत्येक वेळी पाडला जाणारा तोच. तळाचा संघ सावरायला तीन-चार वर्षं घेतो. तोवर धावणाऱ्याचा गुडघा संपलेला असतो. वर पैशाचं गणितही बदललं. २०११ पासून नवोदितांचं मानधन पाळीनुसार जवळपास ठरून गेलं. २०१० च्या पहिल्या निवडीला, सॅम ब्रॅडफर्डला, पाच कोटी डॉलर हमीचे मिळाले होते. २०११ च्या कॅम न्यूटनचा पूर्ण करार सुमारे सव्वादोन कोटींचा. नवा क्वार्टरबॅक चार वर्षं स्वस्तात मिळतो आणि वाचलेल्या पैशांत फळी उभी राहते. २०१३ आणि २०१४ मध्ये तर पहिल्या फेरीत एकाही संघानं धावणारा घेतला नाही. धावणारा सर्वप्रथम उचलला गेला तो शेवटचा १९९५ मध्ये, सिनसिनाटीनं. त्या की-जाना कार्टरचा गुडघा हंगाम सुरू होण्याआधीच, सरावाच्या सामन्यात गेला.

आता बार्कली. २०१८. न्यूयॉर्क जायंट्स आदल्या हंगामात ३-१३. दुसरी पाळी. त्यांचा क्वार्टरबॅक थकलेला. निवडीत जॉश अ‍ॅलन आणि लमार जॅक्सन उपलब्ध होते. जायंट्सनी बार्कली घेतला. त्यानं पहिल्या वर्षी धावून आणि झेलून २,०२८ यार्ड काढले, सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला, आणि संघ ५-११ राहिला. २०२० मध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटला. सहा हंगामांत संघाचा एकच हंगाम बरा गेला. अ‍ॅलन आणि जॅक्सन दोघेही पुढे लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. २०२४ मध्ये जायंट्सनी बार्कलीला जाऊ दिलं आणि तो ईगल्सकडे आला.

ईगल्सकडे तेव्हा सगळं जागेवर होतं. दुसऱ्या फेरीत घेतलेला क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स. पुढच्या फळीत सातव्या फेरीत उचललेला, मूळचा ऑस्ट्रेलियातला रग्बी खेळाडू जॉर्डन मैलाटा. कमी होता तो फक्त धावणारा. बार्कली त्या हंगामात २,००५ यार्ड धावला. ९ फेब्रुवारी २०२५, त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, ईगल्सनी सुपर बोल ४०-२२ असा जिंकला. त्या सामन्यात समोरच्यांनी त्याला जखडून ठेवलं, फक्त ५७ यार्ड दिले. पण सगळे त्याच्यावर डोळा ठेवून राहिले आणि हर्ट्सनं खेळ मोकळा केला. समोर हरलेले प्रशिक्षक कोण? कॅन्सस सिटीचे अँडी रीड. १९९९ मध्ये हुर्यो ऐकत मॅकनॅबचं नाव देणारे तेच.

माणूस तोच, पाय तेच. न्यूयॉर्कमध्ये सहा वर्षं तो एकटा संघ ओढत होता. फिलाडेल्फियात संघ त्याला घेऊन धावला.

आता माझा हिशोब.

कंपनी कमांडर म्हणून मी पहिल्यांदा कंपनी हातात घेतली तेव्हा पलटणीच्या आंतर-कंपनी स्पर्धांत ती दोन वर्षं सलग शेवटची होती. मी तरुण, एनडीएतून डोक्यात भरलेली खुमखुमी ताजी. त्याच महिन्यात ट्रेनिंग सेंटरवरून साताऱ्याकडचा एक पोरगा आला. पळायचा असा की बघत राहावं. मला माझा उपाय सापडला. क्रॉस कंट्रीत तो, अडथळ्यांच्या शर्यतीत तो, पाठीवर वजन घेऊन पळायचं त्यातही तो. विचारलं की एकच उत्तर, "पळतो की साहेब, काय होतंय."

होत होतं. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता आणि तो तीन आठवडे तसाच पळत होता. मला सांगितलं नाही, कारण मी विचारलं तेव्हा माझ्या चेहऱ्यावर कुठलं उत्तर हवं आहे हे त्याला दिसत होतं. तो बरा होताच मी त्याला पुन्हा उतरवलं आणि मग गुडघा गेला. लो मेडिकल कॅटेगरी. आणि कंपनी? शेवटून दुसरी.

त्याच कंपनीत एक वयस्क हवालदार स्टोअरच्या वह्या सांभाळत बसलेला होता. बोलायला कमी, पण पोरांना शिकवायची हातोटी अशी की ढ पोरगाही निशाणा लावायला लागायचा. पहिलं वर्ष मी त्याच्याकडे पाहिलंच नाही, कारण तो शर्यत जिंकून देणारा दिसत नव्हता. दुसऱ्या वर्षी सुभेदार साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, घोडा मारून गाडी पोचत नाही. गाडीवान बघा." त्या हवालदाराला कंपनी हवालदार मेजर केलं. त्या वर्षी कंपनी दुसरी आली. एकही खेळाडू असा नव्हता की ज्याचं नाव पलटणीत गाजावं.

तो साताऱ्याचा पोरगा आज हवालदार आहे, कोत सांभाळतो. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की त्याचा न चुकता फोन येतो. जिना उतरताना एक पाय आधी टाकतो आणि मग दुसरा. त्यानं मला कधी दोष दिला नाही. म्हणूनच तो मी इथे लिहून ठेवतो.

महाजनच्या त्या सकाळी मी चटकन "धावणाऱ्याला" म्हणालो, तेव्हा खरं तर माझी जुनीच चूक पुन्हा बोलत होती. तळाच्या संघाला घाई असते. घाईत असलेल्या माणसाला धावणारा दिसतो, कारण त्याचं काम लगेच डोळ्यांत भरतं. आपल्या अपयशाचं ओझं आपण त्याच्या पाठीवर टाकतो, आणि तो चांगला असल्यामुळे नाही म्हणत नाही. क्वार्टरबॅक आधी घ्यावा याची कारणं वर सांगितली. धावणारा आधी घेऊ नये याचं कारण मला त्याहून मोठं वाटतं. जो आपल्याला काही देऊ शकतो त्याला, ते घ्यायची आपली तयारी होईपर्यंत, मोडू नये.

१० फेब्रुवारीला सकाळी सार्जंटचा निरोप आला. फोटोत बर्फ, हिरवी टोपी आणि खाली एक ओळ: "सर, आता कुणाला घ्याल?"

मी उत्तर पाठवलं: "आधी फळी आणि चालवणारा. धावणाऱ्याला सांगा, थांब, तुझ्यासाठी रस्ता करतोय."

तुमच्यापैकी कुणाच्या हाती उद्या तळाची कंपनी येईल, तळाची शाळा येईल, गावचा कबड्डीचा संघ येईल. पहिल्या दिवशी कोण सर्वात जोरात पळतो ते जरूर पाहा. आणि मग त्याला थोडे दिवस बसवून ठेवा.

जय हिंद.